तीन गावांचा तालुका

लीड्सला मुलाकडं येऊन तीन आठवडे झाले होते. मॉल बघून झाले, कालवा बघून झाला, रोज संध्याकाळी तेच पार्क आणि तीच बदकं. एका शनिवारी सूनबाईसोबत जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो तर तिथं कोपऱ्यातल्या खोक्यात पन्नास-साठ वर्षं जुना नकाशा दोन पौंडाला मिळाला. घरी येऊन टेबलावर पसरला तर डोंगरांच्या मधोमध ठिपक्यांच्या रेषेत लिहिलेलं, सेडबर्ग आर. डी. सूनबाई म्हणाली रोड असेल हो अप्पा. मी म्हणलं रोड कसला, रोडला अशी शीव नसते, ही हद्द आहे. नेटवर बघितलं तर रुरल डिस्ट्रिक्ट.

आता माझी एकतीस वर्षं पंचायत समितीत गेली, शेवटची मेढ्याला विस्तार अधिकारी म्हणून, म्हंजे जावळी तालुका, डोंगर, पाऊस आणि एसटी चुकली की मुक्काम. त्यामुळं इंग्लंडातली एक पंचायत समिती, ती पण बंद पडलेली, ती पण डोंगरातली, हे वाचल्यावर मला काही बसवेना. मुलगा म्हणाला अप्पा लोक लंडन बघायला जातात, आयफेल टॉवर बघायला जातात, तुम्हाला बंद पडलेलं ऑफिस बघायचंय? म्हणलं हो. चार दिवसाची सुट्टी काढ.

दिवस पहिला, गुरुवार

लीड्सवरून सकाळची गाडी पकडली, सेटल–कार्लाइल लाईनची. ही लाईन मिडलँड रेल्वेनं १८६९ ते १८७६ मध्ये बांधली, हजारो मजूर डोंगरात झोपड्या टाकून राहिले होते. डब्यात अर्धे लोक पाठीवर सॅक लावलेले आणि पायात चिखलाचे बूट. सेटल गेल्यावर शेतं संपतात आणि नुसता गवताचा डोंगर चालू होतो, झाड नावाला नाही, आणि सगळीकडं बिनचुन्याचे दगडी गडगे, थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेले. एवढ्या उभ्या चढावर दगड कुणी वाहिले असतील देव जाणे. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल लागला तेव्हा सगळा डबा एका बाजूच्या खिडकीला.

पण मला उत्सुकता त्यापुढच्या बोगद्याची होती. ब्ली मूर बोगदा, २,६२९ यार्ड म्हंजे साधारण २.४ किलोमीटर. कारण नकाशातली ती ठिपक्यांची रेघ बरोब्बर या बोगद्याच्या वरून जाते. अलीकडं सेटल आर. डी., पलीकडं सेडबर्ग आर. डी. अंधारात हद्द ओलांडली. चिरंजीव म्हणाले, आलं का तुमचं कार्यक्षेत्र.

बाहेर पडलं की लगेच डेंट हेडचा पूल, मग आर्टेन गिलचा, खाली दरी, आणि मग डेंट स्टेशन. समुद्रसपाटीपासून १,१५० फूट, इंग्लंडातलं मेन लाईनवरचं सगळ्यात उंच स्टेशन. आकड्यात काही विशेष नाही, आमचं मेढंच त्याच्यापेक्षा वर असेल, पण इथं वाऱ्यानं उभं राहवत नव्हतं आणि महिना जून. रुळाच्या कडेनं लाकडी स्लीपर उभे रोवून कुंपण केलंय, ते बर्फ अडवायला. १९४७ च्या हिवाळ्यात ही लाईन कित्येक आठवडे बर्फात गाडली गेली होती.

आता गंमत अशी की डेंट स्टेशनपासून डेंट गाव चार-पाच मैल लांब आणि सहाशे फूट खाली. मला हे माहीत नव्हतं. मुलाला माहीत होतं पण सांगितलं नाही, म्हणे तुम्ही आला नसता. टॅक्सी सांगून ठेवलेली ती आलीच नाही, फोनला रेंज नाही, शेवटी निघालो चालत. पहिला उतार असला भयानक की माझे गुडघे अजून त्याची आठवण काढतात. पण खाली उतरल्यावर डी नावाची नदी लागते, नदी कसली ओढाच, आणि तिच्या काठानं रस्ता, दोन्ही बाजूला पिवळ्या फुलांची कुरणं. चालायला लागल्यावर टॅक्सीवाल्याचा राग गेला.

रस्त्यात एक चर्च लागतं, काउगिलचं. त्याची गोष्ट मला फार आवडली म्हणून सविस्तर सांगतो. डेंटचा सुपुत्र म्हंजे अॅडम सेजविक, मोठा भूगर्भशास्त्रज्ञ, केंब्रिजला प्रोफेसर, खडकांच्या कॅम्ब्रियन कालखंडाला नाव त्यानं दिलं, आणि १८३१ साली तरुण डार्विनला वेल्समध्ये फिरवून खडक वाचायला शिकवलं ते यानंच. या काउगिलच्या चर्चची पायाभरणी १८३७ साली सेजविकनं केली. पुढं तिथल्या एका पाद्र्यानं कागदोपत्री नोंद करताना काउगिल नाव काढून भलतंच नाव लावलं, कर्कथ्वेट. गावात कुणाला विचारलं नाही. सेजविक तेव्हा ८३ वर्षांचा, पण त्यानं १८६८ साली एक पुस्तिका छापली आमच्या गावाचं नाव परत द्या म्हणून, आणि त्या निमित्तानं दरीतल्या जुन्या राहणीबद्दल, शेतकऱ्यांबद्दल, विणकामाबद्दल मनात होतं ते सगळं त्यात लिहून काढलं. ती पुस्तिका फिरत फिरत व्हिक्टोरिया राणीच्या हातात गेली आणि १८६९ साली पार्लमेंटनं कायदा करून नाव परत काउगिल केलं.

सातबाऱ्यावर एक वेलांटी चुकली तर माणूस किती खेटे घालतो ते मी तीस वर्षं बघितलंय. आपण अॅफिडेव्हिट करतो, गॅझेट करतो, इथं डायरेक्ट पार्लमेंट. चर्च बंद नव्हतं, दार ढकललं की उघडतं, आत कुणी नाही. दहा मिनिटं बाकावर बसलो, मुख्य म्हंजे गुडघ्यासाठी.

डेंटला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. जेवण, झोप.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भिजवत राहतो. मुक्कामाच्या घरची मालकीणबाई साठीची, नाष्ट्याला अंडी आणि टोस्ट देता देता विचारलं कुठून आलात. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की तुमच्या रुरल डिस्ट्रिक्टचा शोध घेत आलोय. बाई तवा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली ती कौन्सिल गेली तेव्हा मी शाळकरी पोर होते, आणि आम्हाला कंब्रियात टाकलं, पण आम्ही यॉर्कशायरचे. हे वाक्य पुढच्या तीन दिवसात मी किमान पाच जणांकडून ऐकलं, प्रत्येकाच्या आवाजात जरा वेगळी ठसठस.

तर आता थोडा कागदोपत्री भाग, कारण हे समजलं नाही तर पुढची गंमत कळणार नाही. इंग्लंडात १८८८ च्या कायद्यानं काउंटी कौन्सिल आल्या, म्हंजे आपली जिल्हा परिषद समजा. मग १८९४ च्या लोकल गव्हर्नमेंट अॅक्टनं त्याच्या खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल आल्या, शहरी भागाला अर्बन डिस्ट्रिक्ट आणि ग्रामीण भागाला रुरल डिस्ट्रिक्ट, आणि सगळ्यात खाली पॅरिश कौन्सिल, म्हंजे ग्रामपंचायत. डिस्ट्रिक्ट म्हणलं की आपण जिल्हा म्हणतो पण तो जिल्हा नव्हे, तालुकाच. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, बरोब्बर आपली तीन मजली इमारत. आणि या कायद्याची मोठी गोष्ट म्हंजे पॅरिश आणि डिस्ट्रिक्टच्या निवडणुकीत बायकांना मत देता यायचं आणि उभंही राहता यायचं, लग्न झालेल्या बायकांनासुद्धा, आणि पार्लमेंटला मत द्यायला त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं.

सेडबर रुरल डिस्ट्रिक्टमध्ये (लिहायचं सेडबर्ग, बोलायचं सेडबर, मला पहिल्याच दिवशी दोनदा दुरुस्त केलं) किती पॅरिश होत्या? तीन. सेडबर, डेंट आणि गार्सडेल. बास. तीन गावांचा तालुका! माझ्या एका ग्रामसेवकाकडं चार गावं होती. आजसुद्धा तिन्ही मिळून लोकसंख्या चार हजारांच्या आतच. आणि अजून एक वेगळेपण, बहुतेक ठिकाणी मधलं बाजाराचं गाव अर्बन डिस्ट्रिक्ट म्हणून बाजूला काढायचे आणि भोवतालची खेडी रुरलमध्ये. इथं सेडबर हे बाजाराचं गावसुद्धा रुरलमध्येच राहिलं, ऐंशी वर्षं.

ही तिघं एकत्र का? तर फार जुनी जोडी आहे ती. डेंट आणि गार्सडेल ही मुळात सेडबरच्या मोठ्या चर्च-पॅरिशचीच पोटगावं. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानंतर गावं जोडून युनियन केली, युनियनचं एक वर्कहाऊस म्हंजे अनाथ-निराधारांना ठेवायचं कडक घर, तेव्हाही हीच तीन. १८७० नंतर सार्वजनिक आरोग्य आलं, गटारं, पाणी, साथीचे रोग, त्याची हद्द आखली ती युनियनच्याच हद्दीवर. आणि १८९४ ला त्याच आरोग्य-हद्दीला रुरल डिस्ट्रिक्ट असं नाव लावलं. म्हंजे पाटी बदलली, शीव तीच. तीन दऱ्यांचं पाणी जिथं एकत्र येतं तिथं सेडबर आहे. डेंटची डी, गार्सडेलची क्लफ, दोन्ही सेडबरजवळ रॉदी नदीला मिळतात आणि रॉदी पुढं ल्यून नदीला. ही हद्द कुणी ऑफिसात बसून काढलेली नाही, पाण्यानं काढलीय.

दुपारी पाऊस थांबला तेव्हा गाव बघितलं. दहा मिनिटात बघून होतं. गोट्या बसवलेली अरुंद गल्ली, पांढरी घरं, मधोमध सेजविकच्या नावानं शॅपच्या गुलाबी ग्रॅनाइटची एक भलीमोठी शिळा, तिच्यातून पाणी येतं. खडकांचा अभ्यास केलेल्या माणसाचं स्मारक म्हणून पुतळा न करता धोंडाच ठेवला, हे मला फार पटलं.

डेंटचं दुसरं नाव विणकरांमुळं. इथल्या विणणाऱ्यांना लोक भयंकर विणकर म्हणायचे, भयंकर म्हंजे वाईट नव्हे, भयंकर भारी. बाया, बापे, पोरं सगळी विणायची, पायमोजे, हातमोजे, टोप्या, चालता चालता, गुरं हाकता हाकता, कमरेच्या पट्ट्यात लाकडाची खोबण खोचायची आणि त्यात सुई अडकवायची म्हंजे एक हात मोकळा. रात्री एका घरात जमायचे, एकच चूल एकच दिवा, गाणी गोष्टी आणि विणकाम. हे वाचताना मला माणदेशातले धनगर आठवले, मेंढरांमागं चालत चालत हातात चाती फिरवून लोकर कातणारे. मेंढरामागचा माणूस हात रिकामा ठेवत नाही, मग तो म्हसवडचा असो की डेंटचा.

मालकीणबाईनी संध्याकाळी सांगितलेली अजून एक गोष्ट. आर्टेन गिलच्या पुलाखाली एकेकाळी डेंट मार्बलचा कारखाना होता. मार्बल म्हंजे खरं संगमरवर नव्हे, काळा चुनखडक, पॉलिश केला की आत पांढरी जीवाश्मं दिसतात, मोठ्या घरांच्या शेकोट्यांना लावायचे. १८३५ च्या सुमारास विल्यम आर्मस्ट्राँग नावाचा वकील इथं डी नदीवर मासे धरायला आला होता, त्यानं त्या दगडखाणीची पाणचक्की बघितली आणि त्याच्या डोक्यात आलं की पाण्याची केवढी ताकद वाया जातेय. पुढं त्यानं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन काढल्या, तोफा काढल्या, आणि लंडनच्या टॉवर ब्रिजची यंत्रं त्याच्याच कंपनीची. म्हंजे लोक लंडनला जाऊन जो पूल उघडताना बघतात त्याचं मूळ इथं, एका वकिलाच्या गळात. मी मुलाला म्हणलं बघ, लंडन पण कव्हर झालं.

दिवस तिसरा, शनिवार

डेंट ते सेडबर पाच-सहा मैल. आज टॅक्सी आली.

सेडबर म्हंजे तालुक्याचं गाव, लगेच कळतं. एक मेन स्ट्रीट, त्यावर बँक असायची अशी बंद इमारत, बेकरी, खाटीक, आणि पुस्तकांची दुकानं. पाठीमागं हाउगिलचे डोंगर, झोपलेल्या हत्तींच्या पाठीसारखे गुळगुळीत. १२५१ साली या गावाला बाजार भरवायची सनद मिळाली. २००१ साली मेंढरांत लाळ-खुरकूत आली तेव्हा हा सगळा भाग ठप्प झाला, पर्यटक बंद, वाटा बंद, कळप मारून टाकले, त्यातनं सावरायला म्हणून गावानं स्वतःला पुस्तकांचं गाव केलं. आमच्या भिलारनं २०१७ ला केलं ते. मी एका दुकानात हे सांगितलं, म्हणलं आमच्या शेजारच्या तालुक्यात पण असंच गाव आहे, स्ट्रॉबेरी आणि पुस्तकं. दुकानदारानं विचारलं स्ट्रॉबेरी कशी आहे. पुस्तकांबद्दल काही विचारलं नाही.

मी कौन्सिलचं काम काय काय होतं याच्यावर त्याच्याशी बराच वेळ बोललो. सुरुवातीला रस्ते, गटारं, विहिरी, आणि एक अधिकारी असायचा इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस, उपद्रव निरीक्षक! उकिरडे, तुंबलेली गटारं, घाण विहिरी बघत फिरायचं. हे पद आपल्याकडं का आणलं नाही कळत नाही, मी अर्ज केला असता. रुरल डिस्ट्रिक्टचा निवडून आलेला मेंबर तोच गरिबांचा पालक म्हणूनही बसायचा, म्हंजे सकाळी गटाराचा ठराव आणि दुपारी वर्कहाऊसमध्ये कुणाला घ्यायचं. १९३० साली पालक मंडळं मोडली आणि रस्तेसुद्धा काउंटीकडं गेले. राहिलं पाणी, ड्रेनेज, कचरा, आणि पहिल्या महायुद्धानंतर आलेली मोठी जबाबदारी म्हंजे कौन्सिलची भाड्याची घरं. आमच्या समितीत घरकुल योजनेवर जेवढी भांडणं व्हायची तेवढी इथंही झाली असणार याची मला खात्री आहे, भिंतीला कान लावले तरी ऐकू येतील.

आणि वरची कचेरी कुठं? वेस्ट रायडिंग काउंटी कौन्सिल, वेकफिल्डला, सत्तर-ऐंशी मैल लांब, मध्ये अख्खा पेनाइन डोंगर. रायडिंग म्हंजे तिसरा हिस्सा, जुन्या नॉर्स भाषेतला शब्द, यॉर्कशायरचे तीन हिस्से. वेस्ट रायडिंग म्हंजे लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, कोळसा, लोकर, गिरण्या, आणि त्याच्या नकाशाच्या एकदम वायव्य टोकाला शेपटीसारखं हे सेडबर. बाजाराला माणसं जाणार दहा मैलांवर केंडलला, ते वेस्टमोरलँड काउंटीत, आणि कागद जाणार वेकफिल्डला. तालुका एकीकडं आणि पोट दुसरीकडं.

इथं मला एक माणूस आठवला, लॉर्ड रिपन. व्हाइसरॉय, १८८० ते १८८४. शाळेत पाठ केलेलं असतं, स्थानिक स्वराज्याचा जनक, १८८२ चा ठराव. हा माणूस याच वेस्ट रायडिंगचा, त्याचा स्टडली रॉयलचा वाडा रिपन गावाजवळ, इथून पूर्वेला. त्याच्या ठरावानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा आला, जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्ड. आणि त्याच्या स्वतःच्या परगण्यात रुरल डिस्ट्रिक्ट आलं १८९४ ला. दहा वर्षं आधी आम्हाला! अर्थात फार हुरळून जायचं कारण नाही, आमच्या जिल्हा बोर्डाच्या डोक्यावर कलेक्टर अध्यक्ष म्हणून बसलेला आणि मत मूठभरांना, तर इथं पहिल्यापासून निवडणूक. खरी पंचायत समिती आपल्याला मिळाली १ मे १९६२ ला. तरीपण मुलाला मी दोनदा सांगितलं, दहा वर्षं आधी. त्यानं दुसऱ्यांदा कानात हेडफोन घातले.

दुपारी ब्रिगफ्लॅट्स. गावापासून मैलभर चालत, एका बोळाच्या शेवटी क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचं सभाघर, १६७५ सालचं. पांढरं साधं घर, आत लाकडी बाकं, क्रॉस नाही, वेदी नाही, पाद्री नाही. गप्प बसायचं, कुणाला आतून वाटलं तर त्यानं बोलायचं. १६५२ साली या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स या भागात आला, सेडबरच्या जत्रेत चर्चच्या आवारात झाडाखाली बोलला आणि मग जवळच्या फरबँकच्या डोंगरावर एका खडकावर उभा राहून हजारभर लोकांसमोर. क्वेकर पंथाची सुरुवातच साधारण इथली मानतात. बाहेर बागेत बाक होता, त्यावर मी झोपून गेलो. गप्प बसायचं ठिकाण असल्यामुळं कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी परत येताना शाळेची मैदानं. सेडबर स्कूल १५२५ साली स्थापन झालेलं, अर्ध्या गावभर त्याच्याच इमारती. फी विचारू नका.

दिवस चौथा, रविवार

सकाळी ऊन. विंडर डोंगर गावाच्या डोक्यावरच आहे, ४७३ मीटर. मी निम्म्यापर्यंत गेलो, मुलगा वर जाऊन आला. मी खाली मेंढरांत बसून नकाशा उघडला, कारण खरा खेळ या डोंगराचा आहे.

१९७२ च्या कायद्यानं, १ एप्रिल १९७४ ला, इंग्लंडातली सगळी रुरल डिस्ट्रिक्ट रद्द झाली, चारशेच्या वर होती. (इथं काहीही मोडायचं तर १ एप्रिललाच मोडतात, १९३० ची पालक मंडळं पण त्याच तारखेला.) वेस्ट रायडिंग पण गेलं. सेडबरला काढून नव्या कंब्रिया काउंटीत टाकलं, साउथ लेकलँड डिस्ट्रिक्टमध्ये, केंडल, विंडरमिअर, अल्वरस्टन यांच्याबरोबर. सोयीचं बघितलं तर बरोबरच, केंडल दहा मैलांवर. पण त्याआधी १९५४ साली यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्क झालं होतं, आणि त्याची हद्द आखताना हाउगिलच्या डोंगरावर वेस्ट रायडिंग आणि वेस्टमोरलँडची काउंटी-शीव तीच पार्कची शीव धरली. म्हंजे डोंगर एक, गवत एक, मेंढरं तीच, पण दक्षिणेची बाजू पार्कात आणि उत्तरेची बाहेर. का? तर तिथं सेडबर रुरल डिस्ट्रिक्ट संपत होतं. पुढं काउंटी मोडली, डिस्ट्रिक्ट मोडलं, शीव मात्र डोंगरावर तशीच पडून राहिली, मालक मेलेल्या बैलासारखी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पार्क वाढवलं आणि उत्तरेची बाजू आत घेतली तेव्हा कुठं ती रेघ पुसली. ऑफिस बंद झाल्यावर बेचाळीस वर्षांनी.

आणि मग १ एप्रिल २०२३, कंब्रियाची कौन्सिल पण गेली आणि साउथ लेकलँड पण गेलं. आता नवीन कौन्सिल, नाव वेस्टमोरलँड अँड फर्नेस. सेडबर आयुष्यात कधी वेस्टमोरलँडमध्ये नव्हतं! तर आज परिस्थिती अशी, कचरा उचलणार वेस्टमोरलँडच्या नावाची कौन्सिल, घराला खिडकी पाडायची तर परवानगी यॉर्कशायर डेल्स पार्ककडून, पिनकोड एलए म्हंजे लँकेस्टरचा. तीन काउंट्यांची नावं एका उंबऱ्यावर. मालकीणबाईची ठसठस आता मला पूर्ण कळली. मात्र तिन्ही पॅरिश कौन्सिल आहेत तशाच आहेत, १८९४ पासून, सेडबर, डेंट, गार्सडेल. वरचे मजले किती वेळा पाडले आणि बांधले, तळमजला हलला नाही. आमच्या ग्रामसेवकांना हे ऐकून बरं वाटेल.

मुलगा वरून लाल होऊन आला, म्हणाला वर भारी वारं आहे आणि अप्पा तिथं कुठलीही रेघ नाहीये. गाढव.

परतीला गार्सडेल. ही तिसरी पॅरिश, अरुंद दरी, विखुरलेली घरं, गाव म्हणावं असं गावच नाही. पण याच दरीत जॉन डॉसन जन्मला, १७३५ साली, मेंढरं राखणारं पोर, स्वतः शिकून सर्जन झाला आणि गणित असं शिकवायचा की केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हंजे गणिताच्या परीक्षेत पहिले येणारे, आपले रँग्लर परांजपे १८९९ ला झाले ते, तसले दहाच्या वर याच्या हाताखालून गेले. सेजविक पण त्याचाच विद्यार्थी. कोचिंग क्लास, पण डोंगरात, आणि विद्यार्थी सुट्टीत घोड्यावरून येणार.

गार्सडेल स्टेशन दरीच्या वरच्या टोकाला, उघड्या माळावर. पूर्वी हे जंक्शन होतं, हॉज जंक्शन. इथं इंजिन फिरवायचं गोल टेबल होतं, एकदा वारं असलं सुटलं की इंजिन त्या टेबलावर गरागरा फिरायला लागलं ते थांबेचना, शेवटी खड्ड्यात वाळू टाकून थांबवलं, आणि नंतर भोवती स्लीपरचं कुंपण केलं. पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत गावाचे नाच व्हायचे, वर टाकी, खाली हॉल. १९७० साली डेंट आणि गार्सडेल दोन्ही स्टेशनं बंद केली, म्हंजे चार वर्षांत तालुक्याची स्टेशनं पण गेली आणि तालुका पण. स्टेशनं पुढं परत उघडली, तालुका नाही. मग १९८० च्या दशकात अख्खी लाईनच बंद करायला निघाले. लोकांनी हरकती घातल्या, ३२,००० हरकती, आणि त्यात एक पंजाचा ठसा, रस्वार्प नावाच्या कुत्र्याचा, कारण कुत्र्याचं पण तिकीट काढलेलं होतं म्हंजे तो रीतसर प्रवासी. १९८९ च्या एप्रिलमध्ये सरकारनं बंदीचा विचार सोडला. पुढच्या वर्षी त्या कुत्र्याचा मालक वेल्सच्या डोंगरात फिरायला गेला आणि तिथंच वारला, कुत्रा अकरा आठवडे त्याच्या प्रेताशेजारी बसून होता. त्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा फलाटावर आहे, समोरच्या फलाटाकडं बघत. मी एवढ्या हरकती आयुष्यात नोंदवून घेतल्या, आवक-जावक क्रमांक टाकून, अंगठे घेतले, पंजा कधी घ्यावा लागला नाही. डोकं थोपटलं त्याचं. गार लागलं हाताला.

गाडी वेळेवर आली. डेंट गेलं, पूल गेले, आणि ब्ली मूरच्या बोगद्यात शिरलो. बाहेर पडल्यावर मुलानं विचारलं आता आपण कुठल्या आर. डी. मध्ये. नकाशा मांडीवर उघडाच होता.

"सेटल. ते पण १९७४ ला गेलं, त्याचं क्रेव्हन झालं, आणि क्रेव्हन २०२३ ला गेलं."

"त्यात किती गावं होती?"

मी चष्मा लावून मोजायला घेतलं. वीसपर्यंत पोचलो तेव्हा तो म्हणाला, अप्पा, सुट्टी संपलीय माझी.